पाणी टोचलेले उंदीर

गणूमामा गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही उचगावहून येणाऱ्या दूधवाल्याकडून. महाविद्यालयात त्यांच्यासाठी कुणी दोन मिनिटं उभंसुद्धा राहिलं नाही... उंदरांच्या खोलीतला शिपाई, त्याची कसली शोकसभा! त्याच महिन्यात आमच्या सरांचा मात्र शाल-नारळ देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आता त्या टाळ्यांची किळस येते.

सत्तरच्या दशकात मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. एका झाडाच्या सालीचा अर्क गुंगी आणतो, हे दाखवायचं होतं. अर्क पाण्यात विरघळेना, म्हणून तो स्पिरिट घातलेल्या पाण्यात विरघळवून पांढऱ्या उंदरांना टोचायचो. तुलनेसाठीच्या उंदरांना मात्र नुसतं पाणी. मग सगळ्यांना फिरत्या दांड्यावर ठेवायचं. अर्कवाले पटापट खाली पडत, पाणीवाले टिकून राहत. सर खूश.

उंदीर धरायचे गणूमामा. एका दुपारी ते म्हणाले, "साहेब, औषध न घालता नुसतं ते स्पिरिटाचं पाणी टोचून बघा की. दारू पिऊन माणूस पडतोय, मग उंदीर न्हाय व्हय पडणार?"

मी हसलो, पण टोचून पाहिलं. सहाच्या सहा उंदीर पडले. अर्काचा थेंबही दिला नव्हता!

वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ते पान टरकन फाडलं. "हे डोक्यात कुणी भरवलं?" त्यांनी विचारलं आणि मी मामांचं नाव सांगून मोकळा झालो. आठवड्याभरात मामांना वसतिगृहाचे संडास धुवायला पाठवलं, ते निवृत्तीपर्यंत. मी ते पान वगळून प्रबंध पुरा केला. मला पदवी मिळाली. मग कसल्याशा लाजेनं प्रबंधाची एक प्रत त्यांना नेऊन दिली. "लई झालं की," एवढंच म्हणाले.

परवा उचगावला गेलो. मामींनी देव्हाऱ्याशेजारचं तांबडं फडकं सोडलं, आतून ती प्रत काढली. "मला वाचाय येत न्हाय. ह्यात तुमचं नाव हाय का, म्हणून ह्यांस्नी इचारलं की म्हणायचे, हाय की आत. कुठं हाय, दावा की."

आभाराच्या पानावर सरांचं नाव होतं, सरांच्या पत्नीचं होतं, टायपिस्टचंसुद्धा होतं... मी सरांच्या नावावर बोट ठेवलं. "हे बघा, इथं."

मामींनी पदराला हात पुसले, त्या नावाला बोटं लावली आणि कपाळाशी नेली.