मिनिटबाई आणि चोवीस चांदण्या

डेपोतले सगळे ड्रायव्हर-कंडक्टर तिला मिनिटबाई म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. वीस वर्षं ती डेपोच्या काचेच्या खोलीत कंट्रोलर म्हणून बसून कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली ते लिहीत होती. गाडी उशिरा आली तर ती नुसती भुवई उचलायची. पण एखादी गाडी वेळेच्या आधी सुटली, की त्या ड्रायव्हरची काही खैर नसायची. "उशिरा येणाऱ्या गाडीला लोक शिव्या तरी देतात," ती म्हणायची. "लवकर सुटलेल्या गाडीचा माणूस शिव्या द्यायलाही पोचलेला नसतो. तो बिचारा अजून धावतच असतो!" हे सगळ्यांना पाठ झालं होतं. ती बोलायला लागली की मागच्या बाकावरचे दोघे-तिघे ओठ हलवून तिच्याबरोबर म्हणायचे.

घरी मात्र ती फक्त आत्या होती. धाकटा भाऊ चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा, भावजय शिवणटिपण करायची, आणि पाच वर्षांची भाची इतकी गरगर फिरायची की तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. आत्याने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, "एकजण पाहायला आला होता. चाळीस मिनिटं आधी आला. मी केसही विंचरले नव्हते." खरं-खोटं देव जाणे.

भिंगरीची बालवाडी स्टायनर पद्धतीची होती. म्हणजे प्लॅस्टिकची खेळणी नाहीत, टीव्हीतली गाणी नाहीत; लोकर, लाकूड, मेण, दगड, आणि वर्षाच्या त्या त्या ऋतूला हाताने करायचं काहीतरी. नाताळच्या आधीचे चार आठवडे तर नुसती धमाल. पहिल्या रविवारी घरी कपाटावर निळं कापड पसरून त्यावर दगड-शंख मांडायचे, दुसऱ्या रविवारी पानं आणि सुकी फळं, तिसऱ्या रविवारी लोकरीची जनावरं, आणि चौथ्या रविवारी माणसं. फक्त येशूचे आईबाप, मरिया आणि योसेफ, एक तारखेलाच निघणार. सोनेरी कागदाच्या चोवीस चांदण्या कापडावर ओळीने चिकटवायच्या आणि त्या दोघांनी रोज एक चांदणी पुढे सरकत चोवीस तारखेला झाडाच्या सालीच्या गोठ्यात पोचायचं.

बाहुल्या भावजयीने लोकरीच्याच केल्या होत्या. मरिया निळ्या झग्यात, योसेफ तपकिरी. दोघांना ना डोळे, ना नाक.

"अगं, चेहरा राहिला की!" आत्या म्हणाली होती.

"मुद्दाम नाही केला, ताई. मुलांनी आपल्या मनाने बघायचा असतो. हसरा म्हटलं तर हसरा, दमलेला म्हटलं तर दमलेला."

"मला तर दोघंही तिकीट न काढलेले वाटताहेत," आत्या म्हणाली. भावजय हसता हसता पोट धरून खाली बसली. तिला सातवा महिना होता.

त्यानंतर आठवडाभरातच भावजयीला इस्पितळात न्यावं लागलं. बाळाला बाहेर यायची घाई झाली होती. डॉक्टरांनी तिला पलंगावर आडवं केलं आणि सांगितलं, "उठायचं नाही, चालायचं नाही. नाताळपर्यंत बाळ आत राहिलं तर मी निश्चिंत होईन. तोवर प्रत्येक दिवस मोलाचा." भाऊ दिवसा काचा घासायचा आणि संध्याकाळी इस्पितळात बसायचा. घर आणि भिंगरी आत्याच्या गळ्यात पडली. तिने आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नव्हता, आणि आता तिच्यापुढे लोकर, मेण, चांदण्या आणि आईविना रडणारी पोर!

एक तारखेला भिंगरीने जे रडायला सुरुवात केली ते काही केल्या थांबेना. आत्याने हात टेकले. शेवटी तिने मरियाला उचलून पहिल्या चांदणीवर ठेवलं आणि बोलून गेली, "हे बघ, ही रोज एक स्टॉप पुढे जाणार. ही गोठ्यात पोचली, की तुझी आई घरी."

भिंगरी गप्प झाली. आत्याला वाटलं, जिंकलं! तेव्हा तिला ठाऊक नव्हतं की आपण केवढा घोळ घालून ठेवलाय.

रोज पहाटे पहिल्या पाळीला निघताना आत्या त्या दोघांना एक चांदणी पुढे सरकवायची. मागच्या चांदण्या मोजायची, तारखेशी ताडून बघायची, आणि समाधानाने दार ओढून घ्यायची. शेजारच्या आजी भिंगरीला उठवून बालवाडीत सोडायच्या. पंधरा तारखेपर्यंत सगळं घड्याळासारखं चाललं होतं. पंधराला तिसरा रविवार. आत्याला सुट्टी. दोघी मिळून जनावरं मांडायला बसल्या. आत्याने स्वतः एक मेंढी केली होती, ती मेंढीपेक्षा भिजलेल्या मोज्यासारखी दिसत होती. तो मोजा गोठ्याजवळ ठेवायला गेली, तर तिथे जागाच नाही. गोठा मरियाच्या अगदी पुढ्यात येऊन बसलेला.

आत्याने चांदण्या मोजल्या. मागे पंधरा. बरोबर. पुढे तीन. तीन? नऊ हव्यात! पुन्हा मोजल्या. तीनच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती रोज गाडी तपासत होती, रस्ता कधी तपासलाच नव्हता. कुणीतरी गेले सहा दिवस शेवटून रोज एक चांदणी काढत होतं आणि गोठा पुढे ओढत होतं. वीस वर्षांत लवकर आलेल्या गाड्या तिने ढिगाने पाहिल्या होत्या, पण शेवटचा स्टॉपच चालत गाडीला भेटायला आलेला ती पहिल्यांदा पाहत होती. मनातल्या मनात तिने त्या डोक्याला दाद दिली.

"भिंगरे, सहा चांदण्या कुठायत?"

"कुठल्या?"

"ज्या नाहीत त्या."

भिंगरीने छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग तिची नजर दाराजवळच्या चपलांच्या फळीवर जाऊन परत आली. आत्या उठली. भावजयीचे घराबाहेर घालायचे बूट तिथे तसेच ठेवलेले होते. डाव्या बुटात सहा चांदण्या नीट एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"तूच म्हणालीस ना," भिंगरी रडवेल्या आवाजात म्हणाली, "मरिया पोचली की आई येणार. मग मी लवकर पोचवत होते. आई आली की बूट घालताना तिला चांदण्या मिळतील."

आता रागावणार कुणावर? चुकीची घोषणा खुद्द कंट्रोलरनेच केली होती. लवकर येऊ नये म्हणून तिथे भावजय तीन आठवडे कूस बदलायलाही घाबरत होती, आणि इथे तिच्या लेकीला आत्यानेच लवकर येण्याची आस लावली होती.

तिला गोड बोलून समजावणं जमत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बालवाडीतून तिने पोरीला सरळ डेपोत नेलं आणि काचेच्या खोलीत उंच स्टुलावर बसवलं. थोड्या वेळाने एक गाडी चार मिनिटं आधी फाटकाजवळच्या स्टॉपवर येऊन थांबली. ड्रायव्हर निघायच्या बेतात होता. आत्याने काचेवर टकटक केली आणि चार बोटं दाखवली. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि इंजिन बंद केलं.

"ती का थांबलीय?" भिंगरीने विचारलं.

"बघ तू."

दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग कोपऱ्यावरून एक जाडजूड बाई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात झाडाची कुंडी, स्वेटरची एक बाही घातलेली आणि दुसरी लोंबतेय. धापा टाकत ती गाडीत चढली आणि दारातच पायरीवर बसून हसायला लागली.

"ही गाडी लवकर गेली असती तर?"

"ती राहिली असती," भिंगरी म्हणाली.

"हां. आता ऐक. तुझ्या आईच्या पोटातल्या बाळाचं अजून आवरून व्हायचंय. त्याची बोटं झालीत, पण अंगावर मांस नाही. श्वास कसा घ्यायचा ते त्याला नीट येत नाही. त्याचीही एकच बाही घालून झालीय. म्हणून आई तिथे थांबलीय. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. माझी चूक झाली."

भिंगरीने काचेला नाक लावलं. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "बाळाला सांगायला हवं, हळूच आवर म्हणून." घरी गेल्यावर तिने सहाही चांदण्या आपल्या हाताने परत चिकटवल्या आणि गोठा मागे सरकवला. त्या दिवसापासून ती आत्यापेक्षा कडक झाली. पहाटे डोळे चोळत उठायची आणि आत्याचा हात धरून दटावायची, "एकच हं! एकच."

एकोणीस तारखेला दुपारी दोघी जेवून उठल्या तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, तिला कळा येताहेत. थांबवायचं औषध लावलंय. डॉक्टर म्हणताहेत, बघू." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

आत्याने काही सांगायची गरजच पडली नाही. पोरीने तिचा चेहरा वाचला.

"मी ओढला ना गोठा, म्हणून झालं?"

"छे गं! मुळीच नाही. कागदाचा आणि बाळाचा काही संबंध नाही." हे आत्याने इतक्या ठामपणे सांगितलं की डेपोतला कुणीही ड्रायव्हर घाबरला असता. भिंगरी घाबरली नाही, तिला पटलंही नाही. ती कात्री आणि सोनेरी कागद घेऊन आली.

"रस्ता लांब करू या," ती म्हणाली.

वेळापत्रकात एका मिनिटाचा फेरफार खपवून न घेणारी ती बाई तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली. कागदाने काही होत नाही हे तिला चांगलं कळत होतं. पण नुसतं फोनकडे बघत बसलं असतं तर तिला वेड लागलं असतं. दोघींनी कातरायला सुरुवात केली. भिंगरीच्या चांदण्या सुबक, आत्याच्या म्हणजे कुणीतरी चावून टाकल्यासारख्या. "ही कसली?" "लांबच्या पल्ल्याची आहे. मुकाट्याने चिकटव." रस्ता कपाटावरून उतरला, खुर्चीवर चढला, खुर्चीवरून जमिनीवर आला, टेबलाच्या पायाला वळसा घालून बोळातून थेट दारापर्यंत गेला. गोठा चपलांच्या फळीखाली जाऊन बसला. आत्याच्या अंगठ्याला फोड आला तरी तिने कात्री ठेवली नाही. मनात ती एकसारखी म्हणत होती, थांब रे बाळा, थांब, अजून तुझी वेळ झालेली नाही.

सहा वाजता फोन वाजला. कळा थांबल्या होत्या. आत्याने फोन ठेवला, पदराने तोंड पुसलं, आणि त्या संध्याकाळी दोघींनी जेवणाऐवजी नुसती बिस्किटं खाल्ली.

बाळाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. बाळ अकरा जानेवारीला आलं. मुलगी, तीन किलो, आणि आवाज असा की डेपोतल्या भोंग्याने लाजावं. सगळं छान झालं. पण आत्याला विचाराल, तर खरी गोष्ट चोवीस डिसेंबरलाच घडली होती.

त्या दिवशी दुपारी सगळे इस्पितळात जमले. भिंगरीने केलेलं मेणाचं छोटं गाढव उशीजवळ ठेवलं होतं. भावजयीच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि हसून म्हणाले, "नाताळ गाठलात की! आता मला धास्ती नाही. एका रात्रीपुरतं घरी जाऊन यायचं असेल तर मी अडवणार नाही. पण तुमचे तीन जिने आहेत. मला विचाराल तर अजून दोन आठवडे इथेच पडून राहिलेलं बरं." आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले.

भाऊ बायकोकडे बघत होता, बायको लेकीकडे. महिनाभर तिने लेकीला रात्री कुशीत घेतलं नव्हतं.

"येऊ का गं मी घरी?" तिने विचारलं. "एक रात्र. सकाळी परत येईन."

भिंगरीचा चेहरा दिव्यासारखा उजळला. तिने आईचा हात दोन्ही हातांनी धरला. आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, की नको, धोका नको. पण का कोण जाणे, तिने ते गिळलं. भिंगरीने आईच्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"बाळाचं आवरलं का?"

"थोडंसं राहिलंय," आई म्हणाली.

भिंगरीने आईचा हात सोडला. एकेक बोट करून सोडला. मग ती पोटाजवळ वाकली आणि कुणालातरी जिन्यातून हाक मारावी तशी मोठ्याने म्हणाली, "तू आवर सावकाश. आई कुठ्ठे जाणार नाहीये." आणि आईकडे वळून म्हणाली, "तू थांब. मी आत्याकडे राहते."

एवढं म्हणून तिने जे भोकाड पसरलं, ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. आत्याने तिला उचलून घेतलं. तिला गप्प कर, असं भावाने खुणेने सांगितलं. पण आत्याने ऐकलं नाही, कारण ती स्वतःच रडत होती, ढसाढसा, सगळ्या नर्सबाईंच्या देखत.