लांगगुरच्या दारावरची पानं

इंडोनेशियाच्या नकाशावर बोट पूर्वेकडे सरकवत नेलं, की जिथे नकाशा छापणाऱ्याचाही उत्साह संपत आलेला दिसतो तिथे केई नावाची बेटं सापडतात. त्यातल्या एका बेटावर लांगगुर हे जिल्ह्याचं मुख्य गाव आहे. तिथलं एक घर बघायला आम्ही अमेरिकेतल्या, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा प्रकाश. खरं सांगायचं तर निघाला प्रकाश. मी त्याच्या गोळ्या आणि चष्मे सांभाळायला.

रिटायर झाल्यापासून प्रकाश यूट्यूबवर बेटं बघतो. मागच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आला, बूट न काढताच लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला. हिरव्या पत्र्याचं बैठं घर, मागे समुद्र.

"परदेशी माणसाला तिथे जमीन विकत मिळत नाही, पण मोठ्या मुदतीची लीज मिळते. इथलं आपलं घर विकायचं, हिवाळा तिकडे, उन्हाळा निनादकडे."

निनाद आमचा मुलगा, हर्नडनला असतो. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "गो फॉर इट, बाबा! मार्केट एकदम हॉट आहे." आम्ही परत आल्यानंतरच्या शनिवारी घराचे फोटो काढायला एजंट येणार, हेही बापलेकांनी ठरवून टाकलं. मी पोळ्या लाटत होते. या घराच्या बेसमेंटमध्ये लाइट लावून जगवलेला माझा कढीपत्ता आहे, निम्म्या श्रूजबरीच्या आमटीला तो पुरतो. त्याचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. माझं काय करायचं, हेही नाही.

पोहोचणं

बॉस्टनहून जकार्ता, तिथून आंबोन, आणि आंबोनहून पंख्याच्या छोट्या विमानानं लांगगुर. अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा ऑनलाइन मिळतो. येताना आंबोनमध्ये एक दिवस हाताशी ठेवा, कारण छोटं विमान कॅन्सल होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. कॅश मोठ्या गावातूनच घेऊन जा. नोटांवर इतकी शून्यं असतात, की प्रकाश प्रत्येक बिल बघून आधी दचकायचा आणि भागाकार झाला की हसायचा. गेस्टहाउसचं रात्रीचं भाडं बॉस्टन एअरपोर्टवरच्या दिवसभराच्या पार्किंगइतकं निघालं.

आम्ही ऑक्टोबरात गेलो. तेव्हा समुद्र शांत असतो, म्हणजे आमचा ड्रायव्हर बुचे तसं म्हणाला. तिकडे काकांना 'ओम' म्हणतात, त्यामुळे तो ओम बुचे. डायव्हिंगला येणाऱ्या परदेशी लोकांना फिरवून फिरवून त्याचं इंग्रजी पक्कं झालेलं.

गाव

बेट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं लांगगुर अजिबात नाही. रुंद रस्ते, मधोमध दुभाजक, दोन्ही बाजूंना सरकारी ऑफिसं. सकाळी खाकी गणवेशातली माणसं स्कूटरवरून ऑफिसात जातात, दुपार कलली की परततात. त्यानंतर त्या रुंद रस्त्यांवर कोंबड्या आणि आम्ही. बऱ्याच घरांच्या गच्चीतून लोखंडी सळया वर आलेल्या. वरचा मजला मुलगा बांधेल, या आशेच्या. ते बघून मला एकदम सांगलीला आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी भाजलेला मासा, लिंबू-मिरचीची झणझणीत चटणी आणि एनबाल. एनबाल ही कसाव्याच्या पिठाची पांढरी, कडक भाकरी. नुसती खाल्ली तर घरच्यांशी भांडण झाल्यासारखी लागते; माशाच्या रश्श्यात बुडवली की समेट होतो. प्रकाशनं तीन खाल्ल्या आणि जाहीर केलं, "इथे आपलं जमणार."

घर

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बघायला गेलो. ऑफिसांच्या मागच्या गल्लीत, फोटोत होतं तसंच होतं. समुद्र तर फोटोपेक्षाही बरा. ओम बुचे गाडी सावलीत लावायला मागे राहिला. फाटकाच्या दोन खांबांच्या मध्ये नारळाच्या कोवळ्या, पिवळसर पानांची वीण लटकत होती.

प्रकाश विरघळला. "अगं बघ, आपण येणार म्हणून तोरण बांधलंय!"

तोरणाची एक बाजू थोडी खाली आली होती. प्रकाशला भिंतीवरची वाकडी चौकटही दुसऱ्याच्या घरी बघवत नाही. त्यानं टाचा उंचावून ती बाजू वर केली, गाठ नीट मारली, दोन पावलं मागे येऊन समाधानानं पाहिलं आणि वाकून आत गेला. मागोमाग मी. मी तर चपला काढून गेले.

"जांगान! जांगान!" ओम बुचे गल्लीच्या टोकाकडून पळत येत होता. एवढ्या सावकाश माणसाला पळताना बघूनच काहीतरी चुकल्याचं कळलं. शेजारच्या तिन्ही घरांतून माणसं बाहेर आली होती.

जांगान म्हणजे 'नको'. ती पानं स्वागताची नव्हती. तिकडे अशी पानं बांधली, की त्यांच्या पलीकडच्या कशालाही कोणी हात लावायचा नाही, मग तो समुद्राचा तुकडा असो, नारळाचं झाड असो की घर. ना कुलूप, ना पाटी. अख्खं गाव ती खूण पाळतं.

"आणि तुम्ही," ओम बुचे धापा टाकत म्हणाला, "ती पानं आणखी घट्ट बांधून आत गेलात."

पानं बांधणारी व्हरांड्यातच बसली होती. मामा योसेफा. बाईंना तिकडे आदरानं 'मामा' म्हणतात. जिल्हा ऑफिसातून रिटायर झालेल्या, विधवा, माझ्याच वयाच्या. त्यांच्या आंबोनच्या मुलानं त्यांना न विचारता घर इंटरनेटवर टाकलं होतं. त्यांनी भांडण केलं नाही. दिराला बोलावलं आणि दोघांनी मिळून पानं बांधली.

पानं ओलांडली म्हणजे माफी मागायची. मामांचे दीर आले, अतिशय गंभीर, डोक्यावर बेसबॉलची टोपी. माफीसाठी पान, सुपारी, तंबाखू आणि कापड लागतं, असं ओम बुचेनं समजावलं. पहिल्या तीन गोष्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाल्या. कापड म्हटल्यावर मी पर्स उघडली. श्रूजबरीच्या हळदीकुंकवातला एक मोरपंखी ब्लाउजपीस तिच्यात होता. आमच्याकडे तो कोणी शिवत नाही, एकीकडून दुसरीकडे फिरत राहतो. हा तर मीच दोनदा देऊन दोनदा परत मिळवलेला. मामांनी तो खांद्याला लावून पाहिला, शेजारणींना दाखवला आणि पहिल्यांदा हसल्या. बिचारा ब्लाउजपीस अखेर कोणाच्या तरी अंगाला लागणार.

प्रकाशनं हात जोडून माफी मागितली. दिरांनी सुपारी तोंडात टाकली, म्हणजे मिटलं.

तेवढ्यात मामांच्या मुलाचा फोन आला. आवाज इतका मोठा, की स्पीकरची गरज नव्हती. ओम बुचे हळूच भाषांतर करत होता. "म्हणतोय, ममा, अमेरिकेची माणसं घरापर्यंत आलीत, त्यांना घालवू नकोस!"

मामांनी आमच्यापुढे तळलेली केळी सरकवली आणि फोनमध्ये म्हणाल्या, "ते खातायत. तू नाताळात ये आणि सगळ्यांसमोर बसून माझ्याशी बोल. तोवर पानं राहतील."

मग माझी चौकशी सुरू झाली. तुमचं घर केवढं? त्याचं काय करणार?

"विकणार," प्रकाश म्हणाला.

मामांनी मला विचारलं, "तुला हवंय?"

"मला कोणी विचारलं नाही."

ओम बुचेनं ते भाषांतर जरा जास्तच रंगवून केलं असावं, कारण व्हरांड्यातल्या सगळ्यांनी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश केळ्याकडे बघत राहिला.

"मग," मामा म्हणाल्या, "तू काय बांधलंस?"

उरलेले दिवस

लीजचा विषय तिथेच संपला. उरलेले दिवस आम्ही सुट्टी म्हणून घालवले, आणि तुम्ही गेलात तर थेट तसेच घालवा. पासीर पांजांगचा किनारा चुकवू नका. वाळू अक्षरशः मैद्यासारखी, पायाला चिकटते ती अजून आमच्या बॅगेत आहे. स्कूटर भाड्यानं मिळते, रस्ते चांगले आहेत, गाई-बकऱ्यांना हॉर्न ऐकू येत नाही. आणि पानं दिसली तर बाहेरच थांबा.

प्रकाश नेहमीपेक्षा कमी बोलला. पण परतीच्या विमानात निनादचा मेसेज आला, शनिवारी अकरा वाजता एजंट येतेय, कन्फर्म्ड. प्रकाशनं 'ओके' टाइप केलं.

घरी

शनिवारी सकाळी प्रकाश इंडियन ग्रोसरीत गेला. श्रूजबरीत नारळ उगवत नाही. पण ऑक्टोबर संपताना शेतावरच्या स्टॉलला मक्याची वाळलेली ताटं मिळतात, लोक दाराशी सजावटीला लावतात. मी त्यांची पानं सोलली, ओली करून विणली आणि पुढच्या दारावर आडवी बांधली. हातांना सवय नव्हती, एक बाजू खाली आली.

अकराला एजंट आली. कॅमेरा, उंच टाचा, मोठं हसू. "ओह, तुमचं फॉल डेकोरेशन किती सुंदर आहे!" म्हणाली आणि वाकून आत यायला निघाली. मी आतून बघत होते.

"जांगान!"

प्रकाश ड्राइव्हवेत उभा होता, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. एजंट एक पाय उचललेल्या अवस्थेत थबकली. तो पळत आला आणि तिला म्हणाला, "सॉरी. आत नाही जाता येणार. माझ्या बायकोला विचारायचं राहिलंय."

ती गेली. निनादला काय सांगायचं ते प्रकाशनं स्वतः सांगितलं, थोडक्यात. मग पिशव्या खाली ठेवून तो पानांच्या बाहेर उभा राहिला. त्याची नजर खाली आलेल्या बाजूवर होती, हात शिवशिवत होते, पण त्यानं हात लावला नाही.

"बोल," तो म्हणाला. "तुला काय हवंय?"

"भाजी घेऊन गॅरेजमधून आत ये," मी म्हटलं. "चहा टाकते. सांगायला वेळ लागेल."