पहाऱ्यावरचं पिस्तूल

असोद्याच्या अभिमन पाटलांना सगळं गाव नाना म्हणायचं. तरुणपणी ते होमगार्डमध्ये होते. पुढे सूतगिरणीत वॉचमन झाले आणि गिरणी बंद पडल्यावर जळगावात प्रेमराजशेठच्या सराफी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. भरघोस मिशा, कडक इस्त्रीचा निळा शर्ट, हातात काठी. गिऱ्हाइकाला दार उघडून देणं आणि बाहेर लावलेल्या गाड्यांवर नजर ठेवणं, एवढंच काम.

दुकान मुख्य सराफ्यात नव्हतं. हायवेच्या पलीकडे नवी वसाहत झाली होती, तिथं होतं. त्या हिवाळ्यात आसपासच्या गावांतून दुकानं लुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि शेठ अस्वस्थ झाले. एका सकाळी त्यांनी नानांना आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि टेबलावर एक काळं पिस्तूल ठेवलं.

"घ्या नाना. आजपासून हे कमरेला."

नानांनी ते उचललं. चांगलंच जड होतं. अंगाला धातूचा गारवा होता.

"शेठ, लायसन?"

"लागत नाही. हे गॅसवर चालतं. प्लास्टिकच्या गोळ्या निघतात, ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठ्या." शेठ हसले. "ऑनलाइन मागवलं. टोकाला नारिंगी रंग होता, तो मी काळा करून घेतला. आता सांगा, कुणाला कळेल?"

नानांनी उलटसुलट करून पाहिलं. होमगार्डमध्ये त्यांनी रायफल हाताळली होती, साहेबांच्या कमरेची पिस्तुलं जवळून पाहिली होती. तरी त्यांनाही कळलं नसतं.

"ही गोष्ट तुमच्यामाझ्यात," शेठ म्हणाले. "तिसऱ्या माणसाला नाही. सपनालाही नाही."

सपना काउंटरवर असायची. मूळची धुळ्याची, देवपुरातली. जळगावात मावशीकडे राहून नोकरी करत होती. दुपारी शेठ जेवायला गेले की सोन्यानं भरलेल्या दुकानात ती एकटी उरायची आणि दारात सावली पडली तरी दचकायची. नानांच्या कमरेला पट्टा आला आणि तिचं दचकणं थांबलं. आईशी फोनवर बोलताना नानांनी तिला ऐकलं होतं, "काळजी करू नको गं, आमच्याकडे आता पिस्तूलवाले गार्ड आहेत."

घरी मात्र ताईबाईंनी, नानांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं.

"मले हे घरात नको."

"अगं, खोटं आहे."

"खोटं असलं तं कमरेले काहाले बांधता?"

नानांनी पट्टा सोडून खुंटीला अडकवला. सुट्टीच्या दिवशी ते पिस्तूल घेऊन भावाच्या केळीच्या बागेत गेले. बांधावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या. मुठीच्या आत सरकणाऱ्या मॅगझिनमध्ये डब्यातून गॅस भरला, पांढऱ्या गोळ्या घातल्या, नेम धरला आणि घोडा ओढला. वरचा भाग खाडकन मागं जाऊन परत आला, हाताला झटका बसला आणि बाटली बांधाखाली गेली. नाना स्वतःशीच हसले. पुढं दर सुट्टीला ते बागेत जाऊ लागले. थंडीत गॅसचा जोर कमी पडायचा, पिस्तूल खोकल्यासारखं वाजायचं. ऊन तापू लागलं तसा त्याचा आवाज कडक झाला. चैत्रात गोळी केळीच्या पानातून आरपार जायला लागली. रिकामं पिस्तूल कमरेला बांधायची नानांना लाज वाटायची. म्हणून दुकानातही ते भरलेलंच ठेवायचे.

हळूहळू त्यांची चाल बदलली. एकदा एक दारू प्यायलेला माणूस बायकोच्या जुन्या दागिन्यांना मिळणाऱ्या मोडीच्या भावावरून सपनावर ओरडत होता. नाना नुसते उठून उभे राहिले आणि त्यांनी मुठीवर हात ठेवला. माणूस हात जोडून बाहेर पडला. त्या संध्याकाळी सपनानं विचारलं,

"नाना, तुम्ही खरी गोळी झाडलीय का कधी?"

"झाडली ना. होमगार्डात असताना. रायफलनं."

"मग तर तुमचा नेम चुकायचा नाही," ती निर्धास्तपणे म्हणाली आणि दागिन्यांचे ट्रे तिजोरीत ठेवायला लागली.

तेव्हा सांगून टाकावं असं नानांना वाटलं होतं. पण शेठ शेजारीच उभे होते.

मे महिन्यात जळगावची दुपार म्हणजे संचारबंदी. डांबर मऊ होतं, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरतात. जो तो डोक्यातोंडाला रुमाल गुंडाळून फिरतो, नुसते डोळे दिसतात. त्यामुळं मोटारसायकलवरून दोन माणसं तोंडं बांधून आली तेव्हा नानांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी स्वतःच उठून दार उघडलं.

आत आल्यावर उंच माणसानं दार पाठीनं लोटलं आणि शर्टाखालून गावठी कट्टा काढून नानांच्या छातीला लावला. दुसरा बुटका. त्यानं पिशवीतून कोयता काढला आणि काउंटरच्या फळीखालून वाकून सपनाच्या बाजूला गेला. शेठ त्या दिवशी जेवायला गेले नव्हते. मागच्या गादीवर बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"पिस्तूल काढ," उंच म्हणाला. "दोन बोटांनी."

नानांनी सपनाकडे पाहिलं. तिच्या मानेपासून वीतभर अंतरावर कोयता होता. तरी ती त्याच्याकडे बघत नव्हती, नानांकडे बघत होती. नाना आता काहीतरी करणार, याची वाट बघत होती.

नानांनी दोन बोटांनी पिस्तूल काढलं आणि वाकून फरशीवर ठेवलं. उठताना त्यांनी सपनाकडे बघायचं टाळलं.

उंच माणसानं ते उचललं, हातात तोललं. रुमालावरचे डोळे चमकले. "आरे, हाई तं मस्त शे!" गावठी कट्टा एकदाच वाजतो, तोही वाजला तर. असलं देखणं हत्यार हातात आल्यावर त्याला कट्ट्याची काय किंमत? त्यानं तो पाठीमागं कमरेला खोचला आणि पिस्तूल नानांवर रोखलं.

"बठ्ठं थैलीमा टाक," बुटका सपनाला म्हणाला.

ती बांगड्यांचा ट्रे थैलीत रिकामा करू लागली. बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या.

नानांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पण डोकं एकाएकी साफ झालं. समोरच्या माणसाच्या हातात खेळणं होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. दुकानात ते दोघांनाच ठाऊक होतं. एक झेप घेतली तर हा खाली. पण कोयता? झेप घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच कोयता खाली यायला लागतो.

नानांनी शेठकडे पाहिलं. शेठनाही कळलं होतं. त्यांनी डोळ्यांनी पिस्तुलाकडे खूण केली, मग हनुवटी उडवली. जा, धरा. नानांनी मान किंचित हलवली. नाही. पोरीजवळ कोयता आहे.

मंगळसूत्रांचा ट्रे गेला. अंगठ्या गेल्या. बुटक्यानं कोयत्याचं टोक तिजोरीकडे वळवलं आणि सपनाला म्हणाला, "आते ते उघड." सपना चावीकडे वळली, आणि शेठचा धीर सुटला.

"नाना, धरा त्याला!" ते गादीवरून ओरडले. "खेळण्यातलं आहे ते!"

उंच माणूस गोंधळला. त्यानं हातातल्या पिस्तुलाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि घोडा ओढला. फट् असा आवाज झाला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं, मॅगझिनमधला गॅस तापून फुगलेला होता. गोळी नानांच्या डाव्या डोळ्यात बसली.

डोळ्यात निखारा कोंबल्यासारखं झालं. नाना गुडघ्यावर आले. उरलेल्या डोळ्याला धूसर दिसत होतं, पण एक गोष्ट स्पष्ट दिसली. उंच माणसाचा हात पाठीमागं कट्ट्याकडे चालला होता. आता मात्र विचार करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी तसंच पुढं झोकून दिलं, दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं आणि दोघं मिळून फरशीवर कोसळले.

कट्टा वाजला. दुकान हादरलं. खालच्या शोकेसची काच फुटून पसरली. शेठ ओरडले तेव्हाच सपना काउंटरखाली बसली होती. बुटक्यानं घाबरून हवेत कोयता फिरवला, तो लाकडी कडेत रुतला आणि निघेना. शेजारच्या टायरच्या दुकानातली माणसं धावत आली. बुटका थैली टाकून पळाला. उंच माणूस मात्र सुटला नाही. लोकांनी बोटं सोडवेपर्यंत नानांनी त्याचं मनगट सोडलं नव्हतं.

सपना काउंटरखालून बाहेर आली. दंडाला काच लागून रक्त येत होतं. पडताना पिस्तुलाचं मॅगझिन निघालं होतं आणि पांढऱ्या गोळ्या फरशीभर झाल्या होत्या. तिनं एक उचलून तळहातावर ठेवली.

"हे?" ती म्हणाली. "हे होतं तुमच्याकडे?"

नाना डोळा दाबून भिंतीला टेकले होते. 

डॉक्टरांनी डोळ्याचं ऑपरेशन केलं, पण फार आशा धरू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर वॉर्डात आले. शेठही होते आणि जबाबासाठी बोलावलेली सपनाही, दंडाला पट्टी बांधून. ताईबाई उशाशी बसल्या होत्या.

"पिस्तूल कुणाचं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मला काय कल्पना साहेब," शेठ म्हणाले. "यांनीच कुठून तरी आणलं. मी तर खरं समजून चाललो होतो. माझीसुद्धा फसवणूकच झाली ना?"

पट्टीखालून नानांनी ते ऐकलं. उठून बसावंसं वाटलं. पण दुकानाच्या आतल्या खोलीत पिस्तुलाची बोलणी झाली तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. शेठच्या शब्दापुढं वॉचमनचा शब्द कोण धरणार? ताईबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"काका, असंच आहे का?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नाही साहेब," नाना म्हणाले. "पण माझ्याकडे पुरावा नाही."

इन्स्पेक्टर सपनाकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं, ते खोटं आहे म्हणून?"

"नाही. माहीत असतं तर मी तिथं एकटी बसले नसते." तिनं शेठकडे एकदा पाहिलं. "साहेब, एक विचारू? गोळी सुटायच्या आधी शेठ ओरडले होते, 'खेळण्यातलं आहे ते.' त्यांना माहीत नव्हतं तर ते ओरडले कसे?"

 शेठनी रुमाल काढून मान पुसली. इन्स्पेक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही जरा बाहेर चला माझ्याबरोबर."

सगळे गेल्यावरही सपना पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"मी तुमच्यासाठी नाही बोलले," ती म्हणाली. "झालं ते सांगितलं. तुम्हाला तर माहीत होतं ना, नाना?"

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती वळली आणि निघून गेली. ताईबाईंनी तिला हाक मारायला तोंड उघडलं होतं, नानांनी नको म्हणून हात हलवला.

बुटका नंतर धुळ्याच्या बाजूला सापडला. पिस्तूल पोलिसांनी जप्त केलं. शेठची बरीच चौकशी झाली, दुकानाचं शटर कितीतरी दिवस खालीच राहिलं. पुढं त्यांनी निरोप पाठवला, की दुकान परत सुरू होतंय, जागा तुमचीच आहे. निरोप आणणाऱ्याला ताईबाईंनी चहा दिला आणि नानांनी नाही सांगितलं. त्यांच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा. गावातच केळीचे ट्रक भरतात त्या शेडवर त्यांना राखणीचं काम मिळालं. शेडच्या मालकाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "एका डोळ्यानं दिसत नाही. आणि माझ्याजवळ फक्त काठी राहील. चालत असेल तर ठेवा."

दिवाळीनंतर एका दुपारी सपना अचानक असोद्याला आली. ती देवपूरला आईकडे परत गेली होती, तिथं कापडाच्या दुकानात लागली होती. जळगावात कोर्टाच्या कामाला आली होती, मावशी भेटून ये म्हणाली म्हणून आले, असं म्हणाली. ताईबाईंनी तिला भरीत-भाकरी खायला घातली. डोळ्याबद्दल ती काही बोलली नाही, नानाही दुकानाबद्दल काही बोलले नाहीत. निघताना नाना तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आले. गाडीला उशीर होता. दोघं बाकावर बसले.

"मला अजून दुकानात कुणी पटकन शिरलं की धस्स होतं," ती म्हणाली.

ती डाव्या बाजूला बसली होती. तिचा चेहरा दिसावा म्हणून नानांनी सगळी मान वळवली, तरी नीट दिसेना.

"मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पोरी," ते म्हणाले.

"हो," सपना म्हणाली. "पाहिजे होतं."

मग ती उठली, बाकाला वळसा घालून आली आणि त्यांच्या उजव्या हाताला बसली. गाडी येईपर्यंत ती त्यांना कापडाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहिली.