मठाच्या दिव्याचं एरंडेल

उखळातली एरंडी अर्धीच कुटून झाली होती, तेवढ्यात मुसळ भिंतीला टेकवून बसम्मा चुलीकडं धावली. मडक्यावरच्या ओल्या फडक्यातून एकाच कडेनं वाफ भसाभस निघत होती.

ते दिवस निजामाच्या अमलातले. सिरसाळ्यात रॉकेलची चिमणी अजून थोड्याच घरांत आली होती. शिवरात्रीला मठातला दिवा उजाडेपर्यंत जळायचा, तो मन्मथप्पा वाण्याच्या घरच्या तेलावर. मान पिढ्यांचा. तेल कमी पडलं तर मान गावातल्याच धोंडप्पाच्या घरी जाणार, आणि धोंडप्पा त्याचीच वाट बघत होता. शिवरात्र उद्यावर आली तरी यंदा तेलाचा बुधला निम्मासुद्धा भरला नव्हता.

इतर घरी एरंडी भाजून पाण्यात उकळत. मन्मथप्पाची आई, बसम्माची सासू महादेवीबाई देवाच्या तेलाला तसं करू देत नसत; भाजकं तेल काजळी धरतं म्हणत. त्यांची रीत वेगळी. खाली पाण्याचं मडकं, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं, त्यात कुटलेली एरंडी, वर फडकं. कूट वाफेनं तापला की पुरचुंडी बांधून दगडाखाली पिळायचा. आणि जप पुरा होईस्तोवर फडकं कुणी उचलायचं नाही. यंदा घाईपायी त्यांनी दुप्पट कूट दाबून दाबून भरला होता.

शेजारची छबुबाई विस्तव मागायला आली आणि बुधल्यात डोकावली. “काय वो महादेवीबाई, देव यंदा अंधारात बसतो का काय?”

“तुज्या जिभंला वात लाव, उजेड पडंल,” महादेवीबाई म्हणाल्या आणि जप पुढं चालू केला.

छबुबाई हसत गेली. बसम्माला मात्र हसू आलं नाही. सकाळचा घाणा पिळला तेव्हा जेमतेम चार थेंब गळले होते. तिनं पुरचुंडी सोडून बघितली, तर कडेचा कूट मऊ, हाताला चटका देणारा. मधला गोळा तसाच गार, ढेकळासारखा. आताही तेच चाललं होतं. तिनं फडक्याला हात घातला.

“हात लावू नगंस.”

“आत्याबाई, वाफ कडंनंच पळून चाललीय. मोकळी वाट सोडून ती घट्ट जागी कशाला शिरंल? गाभ्याला ऊबच न्हाई.”

“माज्या सासूनं कदी फडकं उचललं न्हाई.”

“त्यांनी इतकं दाबून बी भरलं नसंल.”

महादेवीबाईंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग म्हणाल्या, “उचलायचंच तर इबूत लावून उचल.”

बसम्मानं कपाळी विभूती लावली. फडकं काढलं, उलथन्याच्या दांड्यानं मधला कूट मोकळा केला, कडेची फट ज्वारीच्या भिजल्या पिठानं बुजवली. जाळ बारीक ठेवला. हळूहळू सगळ्या फडक्यातून सारखी वाफ यायला लागली, तशी तिनं लाकडं बाहेर ओढली आणि मडकं झाकून नुसती बसून राहिली.

“आता कावून थांबलीस?”

“मुरू द्या. ऊब आतवर उतरायची हाय.”

माहेरी, घाटनांदूरला, नागपंचमीची दिंडं उकडल्यावर आई ती अशीच झाकून ठेवायची.

पुरचुंडी दगडाखाली गेली आणि तेलाची धार लागली. जाड, मधासारखी, तुटता तुटेना. पुढं मठात रॉकेलची बत्ती आली, बांधावरची एरंडी गेली, सासूबाईही गेल्या. पण त्या दुपारी घरभर सुटलेला तो उग्र ऊबदार वास बसम्माला म्हातारपणीही आठवायचा.

त्या दिवशी बुधला काठोकाठ भरला. पदराखाली घेऊन महादेवीबाई मठाकडं निघाल्या, उंबऱ्यात थबकून म्हणाल्या, “पुढल्या साली मडकं तूच भर. मी जपाचं बघते.”

पिळून उरलेली एरंडीची पेंड जनावराच्या तोंडी लागली तर जनावर जिवाला मुकतं. ती टोपलीत भरून बसम्मा मळ्यात पुरायला गेली.