शेंगाबाईंची दुसरी परात

कॉलेज पाहायला गेल्यावर शेंगाबाई कधी आत जात नसत. गेटाबाहेरच्या रसवंतीत बाकावर बसायच्या. तास सुटून मुलं बाहेर आली की त्यातला दुसऱ्या वर्षाचा एखादा चेहरा हेरायच्या आणि विचारायच्या, "बाळ, हाच विषय पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा म्हटलं तर घेशील?" तो पटकन "हो" म्हणाला तर पुढचं बोलणं. आधी मित्राकडे बघून हसला, तर बाई पदर झटकून उठायच्या आणि मला म्हणायच्या, "चला वहिनी, एसटी मिळते का बघू."

निहार, तू मागे फोनवर विचारलंस, "आजी, मी कोणता विषय घेऊ? त्यावर कॉलेज ठरणार आहे."  याचं उत्तर ज्यांना आलं असतं त्यांच्याबद्दल लिहिते आहे. धाकट्या सईलाही वाचून दाखव, तिची वेळ येईलच.

बाई नगरला सावेडीत आमच्या शेजारी राहायच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या तिसगावच्या, लग्न केलं नव्हतं. रविवारी चर्चहून आल्या की व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगांची परात घेऊन बसायच्या, आणि दहावी-बारावीची मुलं एकेक करून समोर यायची. मुलाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं, बाई शेंगा फोडणार. परात रिकामी होईपर्यंत मुलगा बोलत राहिला तर तो त्याचा विषय. मध्येच गप्प झाला तर बाई मूठभर दाणे हातावर ठेवून म्हणायच्या, "हा शेजाऱ्याचा विषय दिसतो. तुझा शोधून आण." म्हणून त्या शेंगाबाई. मुलं हे नाव पाठीमागे घेत, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

विषय ठरला की माझं काम सुरू व्हायचं. कॉलेजांच्या वेबसाइटी उघडून अभ्यासक्रमाचं इंग्रजी मी त्यांना मराठीत सांगायची. "इमारतीचं वर्णन गाळा," त्या म्हणत. "तिसऱ्या वर्षी काय शिकवतात ते वाचा. पहिल्या वर्षी सगळेच गोड बोलतात."

तुमच्या बाबाने त्यांच्यासमोर पूल कसे बांधतात यावर बोलून परात संपवली होती, आणि तो शिकायला लांब गेला. त्याच्यामागून गल्लीतली इतरही गेली. बाईंचा सल्ला जितका बरोबर, तितकं मूल लांब. संध्याकाळी आमच्या गल्लीत आता फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, त्याही एकेकट्या माणसांच्या.

मग रिबेकाची वेळ आली. ही बाईंच्या भावाची नात. आम्ही तिला रिबू म्हणायचो. पाचवीपासून शिकायला बाईंकडेच होती. बाईंचे गुडघे गेलेले, एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं. भाजी, औषधं, रात्री बायबल वाचून दाखवणं, सगळं रिबू करायची. बारावी झाली तेव्हा भाऊ तिसगावहून आले.

"अक्का, पोरगी लई हुशार हाय. हितंच नगरात कम्प्युटर इंजिनेर कर तिला. तुलाबी सोबत हुईल."

"सोबत हा विषय कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, भाऊ," बाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्या रविवारी रिबू परातीसमोर बसली. आधी कम्प्युटरवर बोलली. अर्ध्या शेंगाही झाल्या नाहीत तोच थांबली. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटका दिसली. शहाण्या मुलीला न आवडणारा विषयसुद्धा इथे राहून शिकता येतो, असं त्या क्षणी त्यांना वाटलं असावं.

मग रिबू म्हणाली, "आजी, आपल्या तिसगावच्या विहिरीचा फेब्रुवारीत तळ दिसतो, आणि ओढ्यापलीकडच्या विहिरीला मेमध्येही पाणी असतं. का, सांगू?" आणि ती जमिनीखालच्या खडकांबद्दल बोलू लागली. कुठला खडक पाणी धरतो, कुठला सोडतो, भेगा कशा जातात. टरफलांनी जमिनीवर नकाशा मांडला. परात संपली.

बाई उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि शेंगांची दुसरी पिशवी आणून परातीत ओतली. इतक्या वर्षांत कुणासाठी दुसरी परात भरलेली मी पाहिली नव्हती. आणि या वेळी त्या इतक्या सावकाश फोडत होत्या, की एकेक शेंग हातात बराच वेळ राहायची. पोरगी कुठेतरी थांबावी म्हणून. मला कळलं. रिबूला कळलं नाही. ती बोलतच राहिली.

शेवटची शेंग फोडून बाई म्हणाल्या, "झालं. हिला जाऊ द्यावं लागणार."

भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या एका कॉलेजच्या गेटवर आम्ही जाऊन आलो. तिथल्या मुलाला बाईंनी विचारलं, "शेवटचे डोंगरावर कधी गेला होतात?" तो म्हणाला, "आम्हाला स्लाइड दाखवतात ना!" बाई त्याच्यावर रागावल्यासुद्धा नाहीत. रिबू परराज्यात गेली, दोन रात्रींच्या प्रवासावर. स्टेशनला नेणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या खिडकीतून ती रडत होती, आणि बाई तिला पिशवीतली चटणी सरळ ठेवायला सांगत होत्या.

त्यानंतर रविवारी व्हरांड्यात कुणी येत नसे. मीच जाऊन बसायची. "वहिनी, तुम्ही बोला," म्हणत त्या परात पुढे ओढायच्या. मी तुमच्याबद्दल बोलायची. शेंगा नेहमी आधी संपायच्या.

गेल्या नाताळाच्या तोंडावर बाई गेल्या. रिबू पोहोचली तेव्हा माती देऊन झाली होती. सगळ्यांनी फुलं आणली होती. तिने बॅगेतून एक काळा दगड काढला आणि कबरीवर ठेवला.

निहार, परवाच्या रविवारी तू फोनवर समुद्रातल्या प्रवाळांबद्दल बोलत होतास. मध्येच थांबून विचारलंस, "आजी, तो कटकट आवाज कसला येतोय?" मी म्हटलं, काही नाही, तू बोल. आता कळलं असेल. सुरुवातीला तू म्हणाला होतास, पुण्यातही एक कॉलेज बघतो आहेस, तिथे आलास तर दर शनिवारी नगरला येशील. मी वरची खोली मनातल्या मनात झाडूनही घेतली होती. पण पुण्याचं नाव पुन्हा तुझ्या तोंडात आलं नाही, आणि माझी परात रिकामी झाली तरी तू बोलतच होतास.

दुसरी पिशवी ओट्यावर हाताशीच होती. मी ती उघडली नाही.