लाडू पोचला

गुणाबाईच्या मेथीच्या लाडवाला नाही म्हणणारी बाळंतीण पनवेलात अजून जन्मायची होती, असं निदान गुणाबाईचं तरी ठाम मत होतं. लाडू कडू असतो हे तिलाही मान्य. "कडू नाय तर काय पेढा हाय? बालंतीन झालीस का लग्नात जेवायला बसलीस?" असं म्हणून ती लाडू सरळ हातावर ठेवायची. समोरची बाई बँकेत मॅनेजर असो नाहीतर कॉलेजात शिकवणारी, बिचारी मान खाली घालून खायची.

आणि लाडू खरंच पोटात गेला का, हे ओळखायची गुणाबाईची स्वतःची रीत होती. दोन-तीन दिवस झाले की बाळाचा ओला लंगोट उचलायचा, नाकाजवळ न्यायचा आणि डोळे मिटायचे. मेथी खाल्लेल्या आईचं दूध प्यालेल्या बाळाच्या शूला एक गोडूस वास येतो. लाडू वळताना गुळाचा पाक जरा पुढे गेला की घरभर सुटतो ना, तसा. तो वास आला रे आला, की गुणाबाई डोळे उघडून जाहीर करायची, "पोचला!" म्हणजे लाडू आईच्या पोटातून दुधात आणि दुधातून बाळात असा शेवटपर्यंत पोचला. घरातली माणसं नाकं मुरडायची, हसायची. "हसा," ती म्हणायची. "तुमी सगले याच वासावर वाढलाव."

खाडीकडचं तिचं गाव विमानतळात गेलं तेव्हापासून ती करंजाड्याला दुसऱ्या मजल्यावर राहत होती. अंगण गेलं, दारातला शेवगा गेला, आणि खाली उतरल्याशिवाय भांडायलाही कुणी मिळेना, ही तिची मोठी तक्रार. नवरा त्याआधीच वारला होता. पोटाला मूलबाळ काही आलं नाही. पण जुन्या पनवेलपासून खारघरपर्यंत तिनं इतकी पोरं न्हाणीत पायावर घेतली होती, की बाजारात भाजी घ्यायला गेली तरी एखादा मिशाळ बाप्या वाकून नमस्कार करायचा. त्यावर ही चारचौघांत मोठ्यानं सांगायची, "हा आंगोलीला भोकाड पसरायचा!" बाप्या लाजून पळायचा.

मितालीलाही तिनंच पायावर घेतलं होतं. जुन्या पनवेलातल्या त्या घराशी तिचं पुढंही जाणं-येणं राहिलं, आणि मितालीची आई आजारपणात गेली तेव्हा गुणाबाईनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "रडू नको गो बाय. तुजं बालंतपन मी करनार." असं दुःखाच्या घरात कोण काय बोलतं ते पुढं कुणाच्या लक्षात राहत नाही. गुणाबाईच्या मात्र राहिलं. मिताली शिकली, नोकरीला लागली, विश्वजीतशी लग्न करून नवीन पनवेलच्या एका सोसायटीत राहायला गेली. आणि दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात गुणाबाईनं बाजारातून मेथी आणून निवडायला घेतली. विश्वजीत म्हणाला, "मावशी, अजून खूप अवकाश आहे." ती म्हणाली, "तुला काय कलतंय त्यातलं? तू आपला लॅपटॉप बघ."

मुलगी झाली. गोरीपान, डोकंभर जावळ. गुणाबाईनं तिला पहिल्यांदा पायावर घेतलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मितालीची आई नाही हे पाहायला, असं तिला वाटलं आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. मग दोघीही रडल्या आणि न्हाणीत पाणी गार झालं म्हणून गुणाबाई स्वतःवरच खेकसली.

लाडू सुरू झाले. सकाळी एक, दुपारी एक. मिताली लाडू घ्यायची, "ठेव मावशी, दुधाबरोबर खाते," म्हणायची, आणि ताटली रिकामी परत यायची. दोन दिवसांनी गुणाबाईनं लंगोट नाकाला लावला. आला की वास! एवढा खणखणीत वास तिनं उभ्या आयुष्यात घेतला नव्हता. बाळाच्या कानामागेसुद्धा तोच.

"पोचला! आरं विश्वजीत, असा पोचला म्हनून सांगू!" तिला अगदी कृतकृत्य वाटलं. मिताली हसली, पण तिनं मान खाली घातली. ओली बाळंतीण आहे, लाजली असेल, असं गुणाबाईला वाटलं.

पाचवी पुजली. पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं, भोवती फुलं ठेवली. बाळ त्या दिवशी फार झोपाळू होतं. शहाणं आहे, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना. तोंडात घ्यायचं आणि सोडून द्यायचं. गुणाबाईनं अंघोळीला पायावर घेतलं आणि तिच्या हातांना काहीतरी वेगळंच लागलं. घटकेत पोर लाकडासारखं ताठ व्हायचं आणि घटकेत कापडासारखं लुळं पडायचं. अंगावर पाणी पडलं तरी नुसतं कण्हलं. पाण्याला न रडणारं पोर गुणाबाईला चालायचं नाही.

"विश्वजीत, गाडी काढ," ती म्हणाली. "आंगोल नको नि काय नको. दवाखान्यात चल आदी."

मुलांच्या डॉक्टर अनुया वयानं लहानच होत्या, पण हाताला घाई नव्हती. त्यांनी बाळाला उघडं केलं, हातपाय हलवून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली. मग त्या थांबल्या. त्यांनी लंगोट उचलला, आणि गुणाबाई चकितच झाली, कारण डॉक्टरीण बाईनं तो चक्क नाकाजवळ नेला.

"हा वास कधीपासून येतोय?"

गुणाबाई पुढे सरसावली. इतकी वर्षं लोकांनी नाकं मुरडली, आज कुणीतरी विचारणारं भेटलं! "तो वास माजा हाय, डॉक्टरीनबाय. म्हंजे माज्या मेथीच्या लाडवाचा. हिला रोज दोन देते मी. घाबरू नका, तो चांगला वास हाय."

"मेथी?" डॉक्टर अनुयांनी लंगोट खाली ठेवला. "बरोबर. आईनं मेथी खाल्ली की बाळाच्या लघवीला अगदी हाच वास येतो. मग या वासाचा भरवसा धरता येत नाही. आधी इन्फेक्शनच्या टेस्ट करू, अँटिबायोटिक सुरू करू. ते मला जास्त शक्य वाटतंय. बाकीचं त्यानंतर बघू." आणि त्या सिस्टरला काहीतरी सांगायला वळल्या.

"मॅडम," मिताली म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. मग ती ओरडली. "मॅडम! मी लाडू खाल्ले नाहीत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"एकही नाही खाल्ला. पहिल्याच घासाला उलटी झाली मला. मावशी, तू एवढं निवडून, भाजून, वळून आणतेस, तुला कसं सांगू जात नाही म्हणून? माझ्यासाठी करणारं दुसरं आहे कोण? सगळे डब्यात आहेत. कपाटात, डायपरच्या पाकिटांमागे."

गुणाबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. विश्वजीत बायकोकडे पाहत राहिला. डॉक्टर अनुया मात्र परत बाळाजवळ आल्या होत्या. त्यांनी बाळाच्या कानामागे वास घेतला.

"नक्की? मेथी, मेथीची भाजी, काढा, काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग हा वास बाळाचा स्वतःचा आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर तिथं सगळं भराभर होऊ लागलं. अँटिबायोटिक सुरू झालंच, पण दूध त्या क्षणी थांबवलं. साखरेचं सलाईन लावलं. लघवी बाटलीत घेतली. नळीभर रक्त घेतलं, शिवाय टाच टोचून जाड कागदावर रक्ताचे गोल ठिपके घेतले. हे सगळं मुंबईला मोठ्या लॅबकडे जाणार होतं. सटवाईसाठी ठेवलेला कागद घरी कोराच पडला होता, आणि पोरीचं नशीब या दुसऱ्याच कागदावर उतरत होतं, असं गुणाबाईच्या मनात आलं.

डॉक्टरांनी तिघांना बसवून समजावून सांगितलं. दूध पचलं की त्यातले काही घटक शरीर आणखी मोडून पुढे पाठवतं. एखाद्या बाळात ते मोडणारी सोयच जन्मतः नसते. मग ते घटक तसेच रक्तात साठत जातात आणि मेंदूला त्रास द्यायला लागतात. थोडे लघवीतून बाहेर पडतात. वास येतो तो त्यांचाच. रक्तात ते किती आहेत हे लॅबमध्ये मोजता येतं. आजार फार क्वचित दिसतो, पण वेळेवर कळला तर बाळ वाचतं, वाढतं, शाळेतही जातं.

"म्हंजे पाक चुलीवरच हाय आनि उतरवायला कोन नाय," गुणाबाई म्हणाली.

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "आणि यात आईची काही चूक नाही. तुमच्या लाडवाचीही नाही."

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. विश्वजीत औषधं आणायला गेला होता. मितालीनं शेवटी धीर करून विचारलं, "मावशी, रागावलीस?"

"रागवू नाय तर काय आरती ओवालू?" गुणाबाई म्हणाली. "तुजी मालीश करत होते रोज. मेथी खाल्लेल्या बाईच्या घामाला वास येतो. तुज्या अंगाला नव्हता गो. माज्या हातांना ठाव होतं, नाकाला ठाव होतं. पन मला मेला लाडवाचाच गर्व."

मिताली रडायला लागली. गुणाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती. आणि मग एकाएकी तिला काहीतरी सुचलं आणि ती मितालीकडे वळली.

"पन खाल्ले असतेस तर?"

"काय?"

"माजं मन मोडू नाय म्हनून नाक दाबून खाल्ले असतेस तर? मी डॉक्टरीनबायला सांगितलंच होतं ना वास माजा हाय म्हनून. डॉक्टरीनबायनं ऐकलंच होतं माजं! किती वेल गेला असता, किती वेल..." तिनं मितालीचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं, पूर्वी न्हाऊन झाल्यावर घ्यायची तसं. "बरं झालं गो बाय. बरं झालं नाय खाल्लेस. न खाता पोचला माजा लाडू."

लघवीच्या साध्या तपासणीतच डॉक्टरांना हवी ती खूण मिळाली, आणि मागून आलेल्या रक्ताच्या रिपोर्टनं शिक्कामोर्तब केलं. आकडे नको तितके वर होते. ते खाली यायला वेळ लागला. त्या काळात बाकावर बसून गुणाबाईनं सगळ्या देवांना वेठीला धरलं, आणि नवसात प्रत्येकाला लाडूच कबूल केले. एका सकाळी सिस्टरनं पोरीचा पाय चिमटीत धरला आणि पोरीनं असं काही भोकाड पसरलं, की गुणाबाई दाराबाहेरून ओरडली, "रड गो माजे रानी, रड!"

बारसं उशिरा झालं. नाव कादंबरी ठेवलं. कादंबरीचं दूध निराळं, डब्यातल्या खास पावडरीचं. आईचं दूध डॉक्टर सांगतील तेवढंच, मोजून. जन्मभर डाळ, दूध, दाणे, सगळ्यावर पहारा राहणार. दर थोड्या दिवसांनी टाच टोचून कागदावर ठिपके द्यावे लागतात. ते काम गुणाबाईचं. म्हणजे सुई सिस्टर टोचते, पण त्याआधी गुणाबाई ती इवली टाच दोन्ही तळव्यांत धरून ऊब देते, म्हणजे रक्त चटकन येतं आणि दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. तेवढा वेळ ती कादंबरीला बाजारातल्या मिशाळ बाप्यांच्या गोष्टी सांगते.

लाडू ती अजून करते, अजून हातावर ठेवते. पण लंगोट नाकाला लावायच्या आधी आता बाळंतिणीसमोर बसते आणि विचारते, "खरं सांग, खाल्लास का? नाय खाल्ला तरी चालंल, मला राग नाय. पन खरं सांग." आणि बाळ अंघोळीला रडतं की नाही, दूध ओढतं की नाही, हे बघितल्याशिवाय ती कुठल्याही वासाला चांगला म्हणत नाही.

कादंबरीच्या उष्टावणाला खीर देता येणार नव्हती. आहार सांगणाऱ्या बाईंना गुणाबाईनं फोनवर इतकं भंडावलं की शेवटी त्यांनी साबुदाण्याच्या पिठाला, तुपाला आणि साखरेला परवानगी दिली, तीही मोजून. गुणाबाईनं पीठ मंद भाजलं, साखर घातली आणि सुपारीएवढा लाडू वळला. कादंबरीनं तो चाटला, तोंड वाकडं केलं, मग आणखी मागितला. अंगावरचं दूध आता सुटलं होतं, म्हणून मितालीच्या हातावरही एक लाडू आला, मेथीचा, आणि तो संपेपर्यंत गुणाबाई तिच्यासमोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी तिनं लंगोट सोडला. विश्वजीत आणि मिताली न्हाणीच्या दारात उभे होते. गुणाबाईनं लंगोट नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

गोड वास नव्हता. चारचौघांच्या पोरांच्या शूला येतो, तेवढाच.

तिनं डोळे उघडले. ते भरून आले होते.

"पोचला!" गुणाबाई म्हणाली.