मिठागरात सापडलेला एक

कोल्हापूर सोडलं तेव्हा बॅगेत दोन साड्या आणि चार वर्षं रखडलेला प्रबंध होता. सोमवारी मुंबईत माझ्या मार्गदर्शक सरांना उत्तर द्यायचं, नाहीतर विषय सोडायचा, असं ठरलं होतं. शनिवार-रविवारपुरती मुंबईजवळ तुळिंजला मैत्रिणीकडे, सुनंदाकडे उतरले.

विषय सांगते, घाबरू नका. पृष्ठभागावरच्या बिंदूंना नव्या जागी नेणारा एक मेरोमॉर्फिक नियम. काही मोजक्या बिंदूंवर मात्र तो गोंधळतो. वक्ररेषा एकमेकींना कशा छेदतात त्यावरून त्यांचे कोहोमॉलॉजी वर्ग, म्हणजे मोजता येणारे गट, ठरतात. माझा नियम एकदा लावला की वर्ग दुप्पट होई. दोनदा लावला की चौपट व्हायला हवा ना? तिप्पटच येई. पुढे पाच, मग आठ. एक आख्खी रेषा चिरडून एका बिंदूत येई, आणि नेमका तोच बिंदू गोंधळाचा! गळती सापडली होती, बुजवायची कशी ते कळत नव्हतं.

रविवारी सुनंदाने तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खाऊ घातला आणि नायगावची मिठागरं दाखवायला नेलं. मिठाच्या शुभ्र ढिगांकडे बघत चालले आणि थेट चिखलात बसले. फावडं घेतलेले एक म्हातारे काका मनसोक्त हसले.

"बाय, चपला काड, मंग चाल."

त्यांनी विचारलं म्हणून मी माझं दुखणं चिखलातच बोटाने काढून दाखवलं: चहूकडून येणाऱ्या रेघा, मधे एक ठिपका.

"सगल्या वाफ्यांचं पानी एका तोंडात घातलंस, मंग कुनाचं कुठं गेलं कसं कलनार?" काकांनी फावड्याने ठिपका खरवडून तिथे एक आडवा पाट (पाण्याची चारी) ओढला. "तोंड काडून टाक. जे पानी जिकरून येल, त्याला पाटावर त्याची जागा."

मी ओरडलेच! बिंदू काढायचा, त्याच्या जागी रेषा ठेवायची, प्रत्येक दिशेला तिथे स्वतःचा बिंदू. हे तंत्र पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, इथे वापरायचं सुचलं नव्हतं. बांधावर बसून नवा तक्ता मांडला. पाटाची एक ओळ वाढली आणि या वेळी हिशोबानेच तेच आकडे आले: दोन, तीन, पाच, आठ. चारातला हरवलेला एक पाटात होता. इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

एसटीडी बूथवरून सरांना फोन केला.

"कुठे वाचलंस हे?"

"वाचलं नाही सर. चपला हातात घेऊन पाहिलं."

कोल्हापूरला परतून प्रबंध पुरा केला. इंग्रजी प्रबंधात आभाराची एकच ओळ मराठीत आहे: 'नायगावच्या काकांना, ज्यांनी पानी समजावलं.' सरांनी 'पानी'तल्या 'नी'खाली लाल रेघ ओढली. बाकीच्या सगळ्या चुका मी सुधारल्या, ही तेवढी तशीच ठेवली.